सावली आधीं पाहावी



आमच्या घरीं माझ्या आईचें एकच छायाचित्र आहे. तें मींच काढलेलें आहे, आणि त्यांत जी चूक झाली तिच्यामुळेंच आजच्या भाषणाचा विषय मला सुचला. १९८२ सालच्या मे महिन्यांत एका स्नेह्याचा आग्फा क्लिक तीन या जातीचा कॅमेरा मीं दोन दिवसांकरितां मागून आणला होता. बडोद्यास तयार होणारा तो साधा कॅमेरा. एका रिळावर बारा चित्रें निघत. अकरा चित्रें मीं गांवांतील देऊळ, घाट आणि मित्रमंडळी यांजवर खर्च केलीं आणि बारावें आईसाठीं राखून ठेविलें. सूर्य आपल्या पाठीशीं असावा, एवढा एकच नियम त्या वेळीं मला ठाऊक होता. स्वयंपाक आटोपून, पदरानें हात पुसत ती बाहेर आली तेव्हां दुपारचे बारा वाजून गेले असतील. मीं तिला अंगणाच्या मधोमध, भर उन्हांत उभें केलें आणि खटका दाबला. चित्र धुऊन आलें तेव्हां लुगड्याचे कांठ स्वच्छ दिसत होते, तुळशीवृंदावनाची वीट न् वीट मोजतां येत होती. परंतु आईच्या भुवयांखालीं डोळ्यांच्या जागीं दोन काळे खळगे होते आणि नाकाखालीं मिशीसारखी सावली पडली होती. पुढच्याच वर्षीं आई वारली. आज माझीं नातवंडें त्या चित्रापुढें उभीं राहून विचारतात, "आजोबा, पणजीचे डोळे कसे होते?" सारा जन्म मास्तरकींत घालविलेल्या माणसाला या प्रश्नाचें उत्तर चित्र दाखवून देतां येत नाहीं.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता आणि उन्हाचाहि नव्हता. मीं आईकडे पाहिलें, पण आईवर पडलेल्या उजेडाकडे पाहिलें नाहीं, हा तो दोष. गंमत अशी कीं, आपल्या भाषेनें या कलेला जें नांव दिलें त्यांतच ही सूचना होती. इंग्रजींतला 'फोटोग्राफ' हा शब्द ग्रीक धातूंवरून बनला असून १८३९ सालीं सर जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानें तो रूढ केला. त्याचा अर्थ प्रकाशानें केलेलें लेखन. आपण मात्र 'छायाचित्र' म्हणतों. संस्कृतांत छाया म्हणजे सावली, छाया म्हणजे प्रतिबिंब, आणि छाया म्हणजे कांतीहि. हे तिन्ही अर्थ या कलेला लागू पडतात. पण नवशिक्यानें त्यांतला पहिला अर्थ धरून चालावें. उजेड स्वतः दिसत नाहीं. तो कोठून येतो, किती तीव्र आहे, मऊ आहे कीं कठोर आहे, हें सर्व सावली सांगते.

आपला डोळा या बाबतींत आपल्याला फसवितो, आणि तो फसवितो तें आपल्या हिताकरितांच. भर दुपारच्या स्वच्छ उन्हांत प्रकाशाचें मान सुमारें एक लाख लक्स असतें. दाट ढग आले कीं तें दहा हजारांच्या आसपास उतरतें. रात्रीं दिवाणखान्यांत दिवा लावून आपण वर्तमानपत्र वाचतों तेथें शंभर-दीडशें लक्स असले तरी पुष्कळ झाले. म्हणजे अंगणांतला आणि घरांतला उजेड यांत कित्येक शेंपटींचें अंतर. तरी आपल्याला तें तितकेंसें जाणवत नाहीं. डोळ्याची बाहुली लहानमोठी होते, दृष्टिपटल स्वतःला जुळवून घेतें, आणि उरलेलें काम मेंदू करतो. आईच्या भुवयांखालच्या सावलींत तिचे डोळे मला त्या दिवशीं दिसत होतेच. कारण माझी नजर तेथें गेली कीं ती सावलीशीं जुळत असे, आणि ते डोळे तर मला जन्मापासून पाठ होते. कॅमेऱ्याला कांहींच पाठ नसतें. त्याला एकाच मापानें लुगडें, भिंत आणि डोळे एकदम टिपावयाचे असतात. त्याच्या आवांक्याबाहेर जें जातें तें एक तर पांढरें फटक होतें किंवा काळें ठिक्कर. हल्लींचे मोबाइल फोन एका क्षणांत अनेक चित्रें घेऊन तीं एकमेकांत मिसळतात आणि सावल्या पुष्कळ उजळून देतात हें खरें. परंतु उजेड ज्या बाजूनें आला ती बाजू या युक्तीनें पालटत नाहीं. डोक्यावरचें ऊन डोक्यावरचेंच राहतें.

आणि आपल्याकडे तें खरोखरच डोक्यावर असतें. छायाचित्रणावरचीं जीं जुनीं पुस्तकें माझ्या पिढीनें वाचलीं तीं बहुतेक इंग्लंडांत लिहिलेलीं होतीं, आणि त्यांतला सूर्य इंग्लंडचा होता. लंडनमध्यें ऐन जूनमध्यें दुपारीं बाराला सूर्य क्षितिजापासून सुमारें ६२ अंश वर येतो, त्यापलीकडे नाहीं. तेथें सूर्य पाठीशीं घेऊन उभें राहतां येतें, कारण तो बहुधा कलता असतो. मुंबईस मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस असे दोन दिवस येतात कीं, माध्यान्हीं सूर्य नेमका माथ्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्या पायांतच लुप्त होते. शाळांतून हल्लीं शून्य सावलीचा दिवस म्हणून हा प्रयोग मुलांना दाखवितात. अशा वेळीं सूर्य पाठीशीं घेणार तरी कसा? डिसेंबरांतसुद्धां मुंबईचा दुपारचा सूर्य सुमारें ४७ अंशांवर असतो. म्हणून मीं स्वतःपुरता एक साधा ताळा ठरविला आहे. उन्हांत उभें राहून स्वतःची सावली पाहावी. ती आपल्या उंचीपेक्षां आंखूड असेल तर सूर्य ४५ अंशांहून वर आहे; त्या वेळीं उघड्या उन्हांत कोणाच्या चेहऱ्याचें चित्र काढूं नये. सावली आपल्यापेक्षां लांब होऊं लागली कीं मग कॅमेरा बाहेर काढावा.

सकाळचें कोवळें आणि सायंकाळचें उतरतें ऊन सर्वांनाच आवडतें. सूर्य क्षितिजाजवळ असतांना त्याचा प्रकाश हवेच्या फार जाड थरांतून येतो. वाटेंत निळा भाग विखरून जातो आणि आपल्यापर्यंत पिवळा-तांबडा पोंचतो. तो कलता असल्यामुळें डोळ्यांच्या खोबणींतहि शिरतो. मात्र आपल्या प्रदेशांत सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, त्यामुळें ही घटका फार लवकर संपते. युरोपांतील उन्हाळ्यांत ती रेंगाळते, येथें तासाभरांत आटोपते. आमच्या शाळेंत वर्गाचा वार्षिक फोटो नेहमीं साडेअकराला, मधल्या सुटीपूर्वीं निघत असे. इतक्या वर्षांच्या त्या फोटोंत एकाहि मुलाचे डोळे नीट उघडे नाहींत. जणूं माझे सर्व विद्यार्थी जन्मभर कसल्यातरी चिंतेंत होते!

उजेड मऊ कसा होतो हें समजण्यासाठीं घरींच एक प्रयोग करावा. एक बटाटा घ्यावा. ज्यांना चालत असेल त्यांनीं अंडें घ्यावें, तें अधिक चांगलें. तें उन्हांत धरून पाहावें. उजळ भाग आणि काळा भाग यांच्यामध्यें सुरीनें कापल्यासारखी रेघ दिसेल. आतां तेंच ओसरीच्या कडेशीं, छपराखालीं आणून धरावें. रेघ नाहींशी होते. उजळ भाग हळूहळू करड्यांत आणि करडा काळ्यांत विरतो, आणि बटाटा गोल दिसूं लागतो. असें कां व्हावें? सूर्य प्रत्यक्षांत प्रचंड असला तरी आपल्याला तो आकाशांत केवळ अर्ध्या अंशाएवढा दिसतो. हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या रुंदीच्या सुमारें निम्मा. एवढ्याशा ठिकाणाहून येणारा उजेड एकाच दिशेनें येतो आणि कठोर सावली टाकतो. ओसरींत तुम्हांला दिसतें तें अर्धें आभाळ. तेंच तेथें दिवा होतें. दिवा जितका विस्तीर्ण तितकी सावली मऊ, एवढेंच हें रहस्य आहे. ढग आले कीं सारें आभाळच एक दिवा बनतें, म्हणून श्रावणांतल्या ढगाळ दुपारीं माणसांचे फोटो सुरेख येतात. लोक मात्र ऊन नाहीं म्हणून कॅमेरा पेटींत घालून ठेवितात. भर उन्हांत दुसरा उपाय नसेल तर दोघांनीं एक धुतलेलें पांढरें धोतर माणसाच्या डोक्यावर ताणून धरावें. त्या धोतराचेंच आभाळ होतें. अगदीं दाट ढगांत मात्र एक दोष राहतो. तेव्हां सारा उजेड वरूनच येतो आणि डोळे किंचित् मलूल दिसतात. समोर बसलेल्या माणसाच्या मांडीवर एखादा पांढरा पंचा किंवा वर्तमानपत्र पसरावें, म्हणजे खालून थोडा उजेड परतून डोळ्यांत जातो.

आपल्या जुन्या वाड्यांचा चौक ही तर या दृष्टीनें मोठी अमोल जागा. चारी बाजूंनीं भिंती, वर आभाळाचा एक चौकोन. त्या चौकोनांतून उतरलेला उजेड चुन्याच्या भिंतींवर आपटून पुन्हां पुन्हां पसरतो आणि कोठें कठोर सावली राहतच नाहीं. सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या 'अपराजितो' या चित्रपटासाठीं वाराणसींतील एका घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओंत उभारला होता. तेथें आभाळ कोठून आणणार? छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनीं त्या चौकावर पांढरें कापड ताणलें, आणि दिवे पात्रांवर न रोखतां त्या कापडावर रोखून परतलेला उजेड खालीं घेतला. पाहणाऱ्याला तो चौक खरा वाटला. पुढें ही पद्धत सर्वमान्य झाली. ज्यांच्या घरीं अजून चौक शिल्लक आहे त्यांना तो उजेड फुकट मिळालेला आहे, आणि बहुधा तेथें दुचाकी वाहनें उभीं केलेलीं असतात.

आतां रंगाविषयीं. काळ्या-पांढऱ्या चित्रांच्या काळांत ही विवंचना नव्हती. आज ती सर्वांना आहे. लोहाराच्या भट्टींतलें लोखंड आधीं लाल, मग पिवळें, मग पांढरट होत जातें, त्यावरून उजेडाचा रंग केल्व्हिन या तापमानाच्या मापानें सांगण्याची रीत पडली. पणतीच्या ज्योतीचा उजेड सुमारें १९०० केल्व्हिन, जुन्या तारेच्या बल्बचा २७००-२८००, दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या जवळपास, आणि निळ्या आभाळाखालच्या सावलींतला ७००० किंवा त्याहूनहि वर. डोळ्याला हे सारे उजेड पांढरेच वाटतात. येथेंहि मेंदू मध्यें पडतो. कॅमेरा तेंच काम आपल्या बुद्धीप्रमाणें करूं पाहतो आणि बहुतेक वेळां तें बरें करतो. पण दिवाळींत पणत्यांचे फोटो काढतांना त्याची ही हुशारी नको असते. पणतीचा सोनेरीपणा हा दोष समजून तो पुसून टाकूं लागतो. त्या वेळीं रंगसमतोलाचा खटका आपोआपवरून काढून उन्हाच्या खुणेवर ठेवावा, म्हणजे ज्योत ज्योतीसारखी येते.

दुसरा धोका भोंवतालच्या रंगाचा. उजेड ज्या वस्तूवरून परततो तिचा रंग घेऊन येतो. कोंकणांतल्या तांबड्या मातीच्या अंगणांत उभ्या केलेल्या माणसाची हनुवटी तांबूस होते. भाताच्या खाचरांत ती हिरवट दिसते. आणि लग्नाचा मांडव! निळ्या-लाल कापडाच्या छताखालीं दुपारीं काढलेले फोटो पाहिले कीं वधूला कावीळ आणि वरबापाला भोंवळ आल्यासारखें वाटतें. मांडव घालणाऱ्यास चार दिवस आधीं सांगून निदान बोहल्यावर तरी पांढरें छत घालवून घ्यावें. आमच्याकडच्या दोन लग्नांत मीं हा हट्ट धरला. पहिल्या वेळीं मला हंसले. दुसऱ्या वेळीं, पहिल्या लग्नाचे फोटो पाहिल्यामुळें, कोणी हंसलें नाहीं.

उजेडाची दिशा किती सामर्थ्यवान् आहे तें पाहावयाचें असेल त्यानें अजिंठ्यास जावें. पहिल्या क्रमांकाच्या लेण्याच्या गाभाऱ्यांत बुद्धाची मोठी बसलेली मूर्ति आहे. तेथील वाटाडे तिच्यावर एकदां समोरून, एकदां डावीकडून आणि एकदां उजवीकडून उजेड टाकून दाखवितात. समोरून ती ध्यानस्थ दिसते. एका बाजूनें तिच्या ओठांवर स्मित उमटतें. दुसऱ्या बाजूनें तेंच मुख गंभीर, जवळजवळ खिन्न होतें. दगड हलला नाहीं, शिल्पकार दीड हजार वर्षांपूर्वींच निघून गेला. हललें तें फक्त हातांतलें दिव्याचें टोक. मीं तें पाहिलें त्या दिवशीं मला प्रथम कळलें कीं चेहऱ्यावरचा भाव हा कांहीं अंशीं चेहऱ्यावर नसतोच. तेथें फ्लॅशला मनाई आहे ती भित्तिचित्रांच्या रक्षणाकरितां, आणि ती योग्यच आहे. पण मूर्तीचें छायाचित्र घेणाऱ्याचेंहि त्या मनाईनें कल्याणच झालें आहे, कारण कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा उजेड ठार समोरून येतो आणि कोरीव कामाची सर्व खोली पुसून टाकतो.

हाच न्याय किल्ल्यांतील शिलालेखांस आणि गांवोगांवच्या वीरगळांस लागू आहे. समोरच्या उजेडांत वीरगळ म्हणजे एक खरबरीत फरशी दिसते. तोच सकाळीं, सूर्य दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासून जात असतांना पाहावा. घोडे उभे राहतात, तरवारी उठून दिसतात. झिजलेला लेख वाचण्यासाठीं अभ्यासक रात्रीं विजेरी दगडालगत आडवी धरतात तें याच कारणानें.

पाठीमागून येणाऱ्या उजेडाला लोक उगाच भितात. माणूस खिडकीपुढें उभा केला तर चेहरा काळा येतो हें खरें. पण चहाची वाफ, उदबत्तीचा धूर, पिंपळाच्या कोंवळ्या पानाच्या शिरा आणि पाऊस या गोष्टी पाठीमागच्या उजेडावांचून चित्रांत येतच नाहींत. पावसाचा फोटो काढला आणि पाऊसच दिसला नाहीं, अशी तक्रार पुष्कळांची असते. थेंबांच्या पलीकडे उजेड आणि त्याहि पलीकडे काळोखें झाड किंवा ओली भिंत असावी. मग पावसाच्या धारा रुपेरी तारांसारख्या दिसतात.

रात्रीच्या दिव्यांबद्दल फार बोलत नाहीं. हल्लींच्या एलईडी दिव्यांपैकीं जे हलक्या प्रतीचे असतात त्यांच्या प्रकाशांत तांबडा भाग कमी पडतो, आणि कुंकू व चेहरा दोन्ही निस्तेज येतात. शिवाय आपल्याकडची वीज सेकंदास पन्नास आवर्तनांची असल्यामुळें असे दिवे सेकंदास शंभर वेळां मंद-तेज होतात. चित्रांत आडवे काळे पट्टे दिसले तर तो फोनचा रोग नव्हे. उघडझापेचा वेळ सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवावा, पट्टे बहुधा जातात. फोनवरचा फ्लॅश मीं जवळजवळ बंदच ठेवितों. जवळच्या माणसाला तो पांढरें फटक करतो आणि मागच्याला अंधारांत लोटतो. कारण लहानशा दिव्याचा उजेड दुप्पट अंतरावर चौथाई होतो, तिप्पट अंतरावर नवमांश. गणपतीच्या आरतीच्या वेळीं तर तो कटाक्षानें बंद करावा. निरांजनाचा उजेड चेहऱ्यावर खालून येतो. खालचा उजेड एरव्हीं भेसूर दिसतो. पण येथें तबक चित्रांतच असल्यामुळें तो कोठून आला हें पाहणाऱ्याला कळतें, आणि तो शोभतो.

शेवटीं, मला सर्वांत प्रिय असलेल्या उजेडाविषयीं बोलून रजा घेतों. तो म्हणजे खिडकीचा उजेड. युरोपांतील जुन्या चित्रकारांच्या आणि छायाचित्रकारांच्या कार्यशाळांना उत्तरेकडे मोठी खिडकी असे, कारण तेथें उत्तरेच्या खिडकींतून दिवसभर ऊन आंत येत नाहीं, केवळ आभाळाचा सारखा उजेड येतो. आपल्याकडे हा नियम वर्षभर चालत नाहीं. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत आपला माध्यान्हींचा सूर्यच उत्तरेकडे झुकलेला असतो. पण दसऱ्यानंतर, सूर्य दक्षिणेला सरकला म्हणजे, आपली उत्तरेची खिडकी थेट त्या कार्यशाळांसारखी वागूं लागते.

गेल्या दिवाळींत मी वाईस माझ्या मावशीकडे गेलों होतों. आईची ती धाकटी बहीण. आज चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. दोघींचे डोळे एकाच सांच्यांतले, असें घरांतले सर्व वडीलधारे म्हणत. मी सकाळीं नऊच्या सुमारास स्वयंपाकघरांत डोकावलों तर ती उत्तरेच्या खिडकीपाशीं ताट मांडीवर घेऊन तांदूळ निवडीत बसली होती. तेव्हां माझ्या ध्यानीं आलें कीं, मीं पुस्तकांतून जें शिकलों तें आमच्या घरच्या बायकांना पूर्वींपासून ठाऊक होतें. तांदळांतला खडा, सुईचें नाक, लहान मुलाच्या तळव्यांतला कांटा, या गोष्टी दिसण्यासाठीं कोणता उजेड लागतो तें त्यांना कोणी शिकविलें नव्हतें. आईहि अशीच आमच्या माजघराच्या खिडकीपाशीं बसत असे. मीं तिला तेथून उठवून अंगणांत नेलें होतें.

मावशीला मीं उठविलें नाहीं. प्रथम डोक्यावरचा विजेचा दिवा बंद केला. खिडकीच्या निळसर उजेडांत त्याचा पिवळा मिसळला कीं चेहरा दोन रंगांचा होतो. पहिलें चित्र फसलें: ती खिडकीला अगदीं खेटून बसल्यामुळें खिडकीकडचा गाल पांढरा आणि दुसरा पूर्ण काळा आला. मीं तिला हातभर मागें सरकावयास सांगितलें. मागें सरकल्यानें उजेड एकूण कमी होतो, पण दोन्ही गालांमधलें अंतर त्या मानानें नगण्य ठरतें आणि तफावत घटते. मग तिच्या अंधाऱ्या बाजूला एक खुर्ची ठेवून तिच्या पाठीवर धुतलेली पांढरी चादर टाकली. सावलींतला गाल उजळला, पण सावली पुरती गेली नाहीं. सुरकुत्या राहिल्या, आणि त्या राहावयासच हव्या होत्या. मागें फडताळाचा काळसर दरवाजा होता, तो तसाच राहूं दिला. एवढें करून मी तिच्याशीं बोलत उभा राहिलों. तिनें मान वर करून खिडकीकडे पाहिलें तेव्हां दोन्ही बुबुळांत खिडकीचा एकेक बारीक चौकोन, गजांसकट, चमकून गेला. डोळे जिवंत दिसतात ते या चमकेमुळें. आईच्या चित्रांत हीच नव्हती. मीं बटण दाबलें.

चित्र तिला दाखविलें. तिनें फोन लांब धरला, मग जवळ आणला, आणि बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. नातवंडांच्या प्रश्नाची गोष्ट मीं तिला आदल्या रात्रीं सांगितली होती.

"अरे, माझ्या डाव्या डोळ्यांतला मोतीबिंदूसुद्धां आला कीं यांत," ती म्हणाली. "अक्काला तो नव्हता हो. पोरांना तेवढें सांग."